पाटावर तुम्ही होतात

हुडकेश्वर, नागपूर
२२ एप्रिल १९७९

ती. आत्याबाईंना वच्छलाचा नमस्कार.

जया बरी आहे. हे आधी लिहिते, कारण तुम्ही आधी तेच विचाराल. इथे आल्यावर तिला गोवर आला होता, आता डागसुद्धा उरला नाही. मावशीच्या अंगणात दिवसभर कोंबड्यांमागे धावते आणि संध्याकाळी आजीची, तुमची, आठवण काढते. म्हणून लिहायला बसले, नाहीतर लिहिणार नव्हते.

सिंधूताई, तुम्ही गावच्या शाळेत शिकवता म्हणून पत्र तुमच्या नावानं शाळेच्या पत्त्यावर पाठवते आहे. घरच्या पत्त्यावर टाकलं तर ते कोणाच्या हाती पडेल आणि चुलीत कसं जाईल, हे तुम्ही जाणता. आत्याबाई शाळेजवळच्या विहिरीवर येतात तेव्हा वाचून दाखवा. जे वाचताना तुम्हांला अवघड होईल, तेही वाचा. त्यांच्या उजव्या बाजूला बसा. डाव्या कानानं त्यांना ऐकू येत नाही.

आत्याबाई, गावात म्हणतात मी पळून गेले. पळून जाणारी बाई भरदुपारी, पोर कडेवर घेऊन, एस. टी.च्या फाट्यावर सगळ्या गावादेखत उभी राहते का? गाडीत कंडक्टरनं विचारलं, "बाई, तोंडाले काय झालं?" मी म्हटलं, "नवऱ्यानं मारलं." सात वर्षांच्या संसारात मी पहिल्यांदा खरं बोलले, तेही कंडक्टरजवळ. त्यानं खिडकीजवळची जागा करून दिली.

मी आता धंतोलीत मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक करते. शिकणाऱ्या पोरी माझ्या हातची भाकर मागून खातात. नानाजींना सांगा, मध्यस्थ पाठवू नका. ते तुमचे दीर आहेत, घरातले मोठे आहेत, त्यांचा मान राखून सांगते. मी परत येणार नाही.

तुम्ही माझ्या पाठीला हळद लावत होता त्याबद्दल काही लिहायचं होतं. आज राहू द्या.

वच्छला


८ जुलै १९७९

ती. आत्याबाई,

तुमचं उत्तर पोचलं. सिंधूताईंनी तुमचे शब्द जसेच्या तसे उतरवले, त्यामुळे वाचताना तुम्ही समोर बसल्यासारखं वाटलं. "जया जेवते काय? तू डोक्याच्या दवाखान्यात जाते म्हनून आयकलं. येडी झाली काय वं?"

वेडी झाले नाही. धसका बसला होता. वसतिगृहात दाराची कडी वाजली की माझ्या हातातली पळी खाली पडायची. कोणी मागून आलं की मी डोक्यावर हात घ्यायची. एकदा एका मुलीनं लाडानं गळ्यात हात टाकला तर मी किंचाळले. पोर घाबरून रडायला लागली. तेव्हा तिथल्या बाईंनी मला अरुंधतीबाईंकडे पाठवलं.

अरुंधतीबाई अमरावतीच्या. मनाचं शास्त्र शिकल्या, त्यासाठी परदेशातही राहून आल्या. इथल्या महाल भागात एका महिला मंडळाच्या खोलीत शनिवारी दुपारी बसतात. मार खाल्लेल्या बायका येतात. गोळ्या देत नाहीत, बोलायला लावतात. मी पहिल्यांदा गेले तेव्हा टेबल होतं, खुर्च्या होत्या, आणि एकेकीला आत बोलावून दार लावून घ्यायच्या.

"राग येतो का?"

"नाई."

"दुःख होतं?"

"चालाचंच."

"मग काय होतं?"

"डोकं दुखते."

सगळ्यांचं डोकंच दुखायचं, आत्याबाई! एका शनिवारी अरुंधतीबाई वही मिटून हसल्या. म्हणाल्या, "मी शिकून आले ते प्रश्न दुसऱ्या मुलखातल्या बायकांचे आहेत. आपण आपले शोधू." दुसऱ्या शनिवारी टेबल गेलं. सतरंजी आली. सगळ्या एकत्र बसलो. दाराची कडी सुतार बोलावून त्यांनी काढूनच टाकली, कारण ती वाजली की निम्म्या जणी दचकायच्या. आणि राग येतो का, असं विचारणं सोडून त्या म्हणाल्या, "जीव कुठं धसकतो तेवढं दाखवा." कोणी छातीवर हात ठेवला, कोणी पोटावर. प्रेमलता म्हणून एक आहे, नवरा रेल्वेत मोठा बाबू, घरी रेडिओ, फॅन. उन्हाळ्यातही लांब बाह्यांचं पोलकं घालते. तिनं मानेवर हात ठेवला आणि तसाच ठेवून रडली. मी बेंबीवर ठेवला. तिथं हात ठेवून सावकाश श्वास घ्यायचा, पाय जमिनीला टेकलेत ना ते बघायचं, आपण आत्ता कुठं आहोत ते स्वतःला सांगायचं. "मी महालात हाये. दार उघडं हाये. कोनी येत नाई." हसू नका. पळी पडणं कमी झालं आहे.

मात्र एक गोष्ट जमली नाही. बाईंनी एक रिकामी खुर्ची मांडली आणि म्हणाल्या, तिच्यावर नवरा बसला आहे असं समजा, मनातलं बोला. बायका खुर्चीकडे बघत पदर चाळवू लागल्या. शेवटी यमुताई, आमच्यातली सगळ्यांत म्हातारी, तोंडातली मशेरी सावरत म्हणाली, "बाई, खुर्चीवर पटवारी बसते. त्याच्याशी काय बोलाचं?" आम्ही पोट धरधरून हसलो. बाईही हसल्या. यमुताई इतक्या दिवसांत तेवढंच एक वाक्य बोलली. स्वतःबद्दल अजून अक्षर काढत नाही.

जया शाळेत जाऊ लागली. पाटीवर 'र' काढते आणि म्हणते, हा आजीचा.

वच्छला


१४ ऑक्टोबर १९७९

ती. आत्याबाई,

हे पत्र लिहून मी चार वेळा फाडलं. सिंधूताई, तुम्ही एकदा स्वतः वाचा आणि मग त्यांना बाजूला, जिथं कोणी नसेल तिथं नेऊन वाचून दाखवा.

खुर्चीचं फसल्यावर अरुंधतीबाईंनी विचारलं होतं, "घरी तुम्ही नवऱ्याशी बोलता तरी कधी?" बायका एकमेकींकडे बघू लागल्या. मग एकीनं सांगितलं, "वाढताना." खरंच की. 'अजून भाकर वाढू काय', 'बैल विकला काय', 'माहेरचं बोलावनं आलं', जे काय बोलायचं ते तो पाटावर आणि आपण वाढायला उभ्या, तेव्हाच. बाईंनी ते मनात धरलं. पुढच्या खेपेला त्यांनी घरून पाट आणला, समोर ताट मांडलं, पाण्याचा पेला ठेवला. म्हणाल्या, "वाढता वाढता बोला."

आणि बायका बोलल्या, आत्याबाई. प्रेमलता तर ताटात वाढायचं सोडून पळी उगारून उभी राहिली.

मग माझी पाळी आली. गोविंदाला काय काय ऐकवायचं ते मी रस्ताभर घोकत गेले होते. पाटासमोर उभी राहिले, वाकले, आणि तोंडातून निघालं, "आत्याबाई."

पाटावर तुम्ही होतात. मी काय बोलले ते बाईंनी नंतर मला सांगितलं, म्हणून लिहू शकते. मी म्हणाले, "तुमी मले हळद लावली. इतक्या हलक्या हातानं तर माह्या मायनंबी कधी लावली नाई. पन त्याचा हात काहून नाई धरला? तो तुमच्या हातचं खाते, तुमच्या पाया पडून बाजारले जाते. एक डाव म्हटलं असतं, गोविंदा, थांब. एकच डाव."

मी रडले नाही. माझा आवाज त्या खोलीत भरून राहिला, आणि तो माझाच आहे हे मला पटेना.

बाईंनी ताटाजवळचा पेला माझ्या हातात दिला. मग म्हणाल्या, "आता तू पाटावर बस. आत्याबाई हो. त्या काय म्हणतील?" मला वाटलं, हे काय नाटक. तरी बसले. तुम्ही घेता तसा पदर कपाळापर्यंत घेतला, उजवा कान पुढे केला, आणि तुमच्याच आवाजात बोलू लागले. "मी कशी धरू वं त्याचा हात? त्याच्या बापाचा धरला होता एकदा. माह्या सासूले मारत होता तो, स्वताच्या मायले, तवा मधी गेल्ती मी. तवापासून हा कान गेला. गाईनं मारलं म्हनून सांगत आली जलमभर. गाय कानावर मारते काय वं?"

हे मला कोणी सांगितलं नव्हतं. लग्न होऊन आले तेव्हापासून तुम्ही 'गाईनं मारलं' म्हणता आणि मी मान हलवते. पाटावरून उठले तेव्हा बाई म्हणाल्या, "हे तुझ्या मनातलं आहे. खरं असेलच असं नाही. खरं काय ते त्याच जाणोत."

म्हणून विचारते. हे माझं खोटं असेल तर माफ करा, मी चुकीचं बोलले असं समजेन. खरं असेल आणि सांगावंसं वाटत नसेल, तर नुसतं जयाला आशीर्वाद म्हणून लिहा. मी समजून घेईन.

वच्छला


२५ नोव्हेंबर १९७९

ती. आत्याबाई,

"गाय नव्हती."

एवढंच लिहून आलं तुमचं पत्र. सिंधूताईंनी खाली लिहिलं आहे की तुम्ही तेवढं बोललात, घागर उचललीत आणि निघून गेलात. मी ते दोन शब्द कितीदा वाचले याला हिशेब नाही. जन्मभराची गोष्ट तुम्ही दोन शब्दांत सांगितलीत आणि कोणाची दया मागितली नाहीत. माझी सासू कोण आहे हे मला सात वर्षं तिच्या घरात राहून कळलं नव्हतं.

तुम्ही मध्ये गेला होतात. सासूसाठी. ते मी अंदाजानं बोलले आणि तुम्ही ते नाकारलं नाहीत.

आता दुसरं. सिंधूताईंच्या पत्रातून कळलं की गोविंदाचं दुसरं लग्न ठरतं आहे. शेजारच्या गावच्या चंद्रभान पाटलांची गोपिका. मी तिला ओळखते. जत्रेत माझ्या मागे लागून बांगड्या भरायला आली होती, तेव्हा एवढीशी होती. आता सतराची असेल. माझी काडीमोड झाली असं नानाजींनी तिच्या वडिलांना सांगितलं म्हणे. कोणी केली, कुठे केली? मी तर इथे भाकरी थापत होते.

मी चंद्रभान पाटलांना पत्र लिहिलं. त्यांनी ते नानाजींच्याच हातात दिलं, आणि सगळे म्हणाले, टाकलेली बाई जळून बोलते. मी बोलले तर जळणारी. सिंधूताई बोलल्या तर परक्या. गोविंदा मारतो हे डोळ्यांनी बघितलेलं एकच माणूस आहे, ज्याचं म्हणणं कोणाला खोटं पाडता येणार नाही.

शनिवारी मी हे बैठकीत सांगितलं. प्रेमलता म्हणाली, "पोटच्या पोराविरुद्ध आई बोलत नसते. आस नको धरू." अरुंधतीबाई म्हणाल्या, "माग. हट्ट करू नको. त्यांचा निर्णय त्यांना घेऊ दे." म्हणून मागते, चंद्रभान पाटलांना तुम्ही खरं सांगा. त्याचा राग तुम्हांलाच सोसावा लागेल, हे मला कळतं. तुम्ही गप्प राहिलात तरी तुमची हळद मी विसरणार नाही.

वच्छला


२० जानेवारी १९८०

ती. आत्याबाई,

गोविंदा येऊन गेला. तुम्हांला ठाऊक आहे की नाही, माहीत नाही.

सकाळी मोटारसायकल अंगणात लावून उभा राहिला. मावशी सुपात गहू पाखडत होती. त्याच्या हातात कागद होता. मी आपल्या मर्जीनं घर सोडलं, माझा काही हक्क नाही, त्यानं दुसरं लग्न करायला माझी हरकत नाही, असं त्यावर लिहिलेलं. "सही कर."

आत्याबाई, बेंबीपाशी तो जुना गोळा उठला. मी तिथं हात ठेवला. पाय जमिनीवर आहेत ते पाहिलं. मनात म्हटलं, हे मावशीचं अंगण आहे, दिवस आहे, जया आत आहे. मग मी त्याच्याकडे नीट बघितलं. इतक्या वर्षांत मी त्याचं तोंड असं सरळ बघितलंच नव्हतं. डोळ्याखाली सुजला आहे. पितो अजून.

"गोविंदा," मी म्हटलं. नाव घेतलं म्हणून तोच दचकला. "मी घर माह्या मर्जीनं नाई सोडलं, तुह्या हातानं सोडलं. हे लिहून आन, मंग सही करीन."

तो ओरडला, शिव्या दिल्या, शेजारपाजार गोळा झाला. मी एक पाऊल मागे सरले नाही. जाताना तो म्हणाला, "आईलेबी पोरगी पसंत हाये. तिनंच धाडलं मले."

तो गेल्यावर मी वसतिगृहात गेले आणि नेहमीसारखा स्वयंपाक केला. मला माझा इतका अभिमान वाटला की मावशीच्या नातीला बोलावून पुन्हा सगळं सांगितलं.

पण त्याचं ते शेवटचं वाक्य मला सोडत नाही. तुमचं दोन महिने उत्तर नाही. खरंच तुम्ही पाठवलंत का?

वच्छला


२ मार्च १९८०

ती. आत्याबाई,

सिंधूताईंचं पत्र आलं. तुम्ही काही कळवलं नाहीत. तुम्ही सांगितलं असतं तर पुन्हा दोन शब्दांतच सांगितलं असतं, म्हणून जे मला कळलं ते मी तुम्हांलाच लिहिते. सिंधूताई, एक अक्षर गाळू नका.

चंद्रभान पाटलांच्या ओसरीवर सुपारी फोडायला सगळे जमले होते. संत्र्याच्या टोपल्या आल्या होत्या, नारळ होते. नानाजी तक्क्याला टेकून बसले होते. गोविंदा नव्या शर्टात. तुम्ही आत बायकांमध्ये, भिंतीला लागून. गोपिकाला आणून बसवलं. तिच्या आईकडून ऐकून सिंधूताई लिहितात, गोपिकानं वाकून तुमच्या पायांना हात लावला तेव्हा तुम्ही तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तो बराच वेळ उचलला नाही.

मग तुम्ही उठलात. पदर सावरून ओसरीवर, पुरुषांच्या मधोमध गेलात. म्हणालात, "चंद्रभानभाऊ, सुपारी फोडू नका. माही सून पळून नाई गेली. माह्या पोरानं तिले मारलं. मी पाह्यलं. तिच्या पाठीले मीच हळद लावली, कुठी कुठी लावली ते मले पाठ हाये. तुमच्या पोरीले लावाची माही तयारी नाई."

नानाजी खेकसले, "वहिनी, समजते काय तुमाले? आत व्हा!"

आणि तुम्ही उजवा कान त्यांच्याकडे करून म्हणालात, "जोरानं बोला नानाजी. हा एकच कान राह्यला. दुसरा कोनं फोडला तेबी सांगा इथीच. तुमी तवा आंगनातच उभे होते."

नानाजी खाली बघू लागले. गोपिकाची आई आतून उंबऱ्यापर्यंत आली आणि नवऱ्याला एवढंच म्हणाली, "उठा." चंद्रभान पाटलांनी सुपारी ताटात ठेवून दिली.

परतताना तुम्हांला कोणी गाडीत बसवलं नाही. संत्र्यांच्या बगिच्यांमधून पायी आलात. गोपिकाची आई फाट्यापर्यंत सोबत आली. घरी गोविंदानं हात उगारला, खुद्द तुमच्यावर. तुम्ही जागच्या हलला नाहीत. "मार. उद्या चावडीवर जाऊन हेबी सांगीन." त्याचा हात खाली आला. आता तो मळ्यातल्या झोपडीत निजतो आणि जेवायला येतो तेव्हा तुमच्या डोळ्याला डोळा देत नाही. गावातल्या काही बायका तुमच्याशी बोलत नाहीत. काही मात्र विहिरीवर तुमच्या आधी येऊन तुमची घागर भरून ठेवतात. सिंधूताईंनी विचारलं, गोविंदानं सांगितलं ते खरं काय, तुम्ही त्याला नागपूरला धाडलं होतं? तुम्ही म्हणालात, "मी त्याले कुठीच नाई धाडलं. घराभाईर धाडाले पाह्यजे होतं, लवकर."

आत्याबाई, काल शनिवारी मी ते पत्र बैठकीत नेलं. अरुंधतीबाईंना विचारून उभी राहिले आणि वाचलं. तुमची वाक्यं तुमच्यासारखी म्हटली. अर्ध्यात प्रेमलतानं पत्र हातातून घेतलं आणि पुढचं वाचलं. तिच्या पोलक्याच्या बाह्या काल आखूड होत्या.

वाचून झाल्यावर यमुताईनं घसा साफ केला. म्हणाली, "मीबी पाह्यलं हाये. माह्या पोराले, माह्या सुनेले मारताना. मी सैपाकखोलीत बसून राहत होती." आणि ती बोलत राहिली. पहिल्यांदा. आम्ही दिवे लागेपर्यंत ऐकत बसलो. उठताना तिनं विचारलं, मुलाच्या घरी जाताना कोणी सोबत येईल का. तिघी तयार झाल्या. मीही जाते आहे.

यमुताईला तुम्ही असं दूर राहून बोलतं केलंत, आत्याबाई. सतरंजीवर न बसता.

जया आणि मी पाडव्यानंतर तुम्हांला न्यायला येऊ. मळ्यातून येताना गोविंदा दिसला तर दिसो. राहायचं असेल तितकं राहा, परत जावंसं वाटलं तर मी स्वतः गाडीत बसवून देईन. घर तुमचं आहे, ते सोडा असं मी म्हणणार नाही.

एक सांगायचं राहिलं. काल बैठकीत एक नवी बाई आली होती, नंदनवन वस्तीतली, तोंडावर ताजा वळ. ती कोपऱ्यात बसून सगळं ऐकत होती. मी पत्राची घडी घालत होते तेव्हा जवळ सरकून हळूच विचारलं, "कोन वं ही बाई? तुही माय काय?"

त्या खोलीत 'सासू' हा शब्द निघाला की बायका माना खाली घालतात. मी तो सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हटला.

"माझी सासू," मी म्हटलं. "रुखमाबाई."

वच्छला